आयरिश ‘गॅरिम’: आरोळीपासून विभक्तीपर्यंत

मोठ्याने ओरडण्यासाठी आयरिश भाषेत शब्दांची वानवा नाही, पण त्यांतला ‘गॅरिम’ मला सर्वांत अर्थसंपन्न वाटतो, कारण त्यात नुसता चढा आवाज नसून कोणाला तरी उद्देशून घातलेली साद आहे. या शब्दाच्या लेखनात ‘र’ आणि ‘म’ लागून येतात. बोलताना मात्र त्यांच्यामध्ये एक निसटता स्वर शिरतो. र, ल, न यांच्यापुढे ठरावीक व्यंजने आली की आयरिशमध्ये असे घडते, आणि या प्रक्रियेला भाषाशास्त्रज्ञ संस्कृत व्याकरणपरंपरेतलेच ‘स्वरभक्ती’ हे नाव देतात.

कोंबड्याचे आरवणे ही ‘गॅरिम’, सैन्य गोळा करण्यासाठी दिलेली हाकही ‘गॅरिम’, आणि एखाद्याला राजा म्हणून घोषित करतानाही याच धातूची क्रियापदे वापरली जात. आयरिशची सख्खी बहीण असलेल्या स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत याच शब्दाला सैन्य या अर्थाचा शब्द जोडून रणघोषाचे नाव तयार झाले. सोळाव्या शतकात ते स्कॉटलंडमधील इंग्रजीसदृश बोलीत शिरले आणि कालांतराने त्याचेच ‘स्लोगन’ झाले, जे आज मराठीतही सर्रास ऐकू येते.

रोजच्या व्यवहारात या शब्दाचा गोंगाट बराच ओसरला आहे. फोन करण्यासाठी दक्षिणेकडे व पश्चिमेकडे ‘ग्लाओख’ या वर्गातला शब्द, तर उत्तरेकडील डॉनेगलमध्ये ‘स्कार्त’ हा शब्द चालतो. ‘गॅरिम’ मात्र पेशा या अर्थाने रुजला: ज्या कामासाठी माणसाला जणू बोलावणे येते, ते त्याचे जीवितकार्य. आयर्लंडमध्ये 1930 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या व्यवसाय शिक्षणाच्या शाळांच्या आयरिश नावातही हाच शब्द आहे.

व्याकरणात संबोधन विभक्तीचे आयरिश नावही त्यावरूनच आले आहे, आणि ही विभक्ती तिथे फार जिवंत आहे. हाक मारताना नावाआधी ‘अ’ येतो, आरंभीचे व्यंजन मवाळ होते आणि अनेक पुरुषनामांचा शेवटही बदलतो. म्हणून ‘शेमस’ला बोलावताना ‘अ हेमिश’ असे म्हणावे लागते. स्कॉटिश गेलिकमध्येही असेच होते, आणि तिथले हे हाकेचे रूप इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानी पडून ‘हेमिश’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले.