कुंडी किती लिटरची, आणि किती खोल?

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या अनेकांचा अनुभव असा असतो की रोप सुरुवातीला जोमाने वाढते, फुलावर येते आणि मग कितीही खत घातले तरी थबकते. दोष बियाण्याला दिला जातो; जेमतेम पाच-सहा लिटर माती मावणाऱ्या आठ इंची कुंडीकडे कोणाचे लक्ष जात नाही. जर्मनीतील युलिश येथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यास झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी अधिक होते, असे आढळले. लहान कुंडीत वाढ घटते ती मुख्यतः पानांच्या तेवढ्याच क्षेत्रफळातले प्रकाशसंश्लेषण मंदावल्यामुळे.

मात्र नुसते लिटर मोजून भागत नाही. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा आणि ठिबकणे थांबू द्या. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. मातीतल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, आणि सुमारे ०.६ मिलिमीटर व्यासाच्या पोकळीत पाण्याचा स्तंभ जवळजवळ ५ सेंटिमीटर उंच राहू शकतो. त्यामुळे निचरा संपल्यावरही तळाशी तेवढा थर चिंब राहतो, मग कुंडी उथळ असो वा खोल. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत हा थर एक तृतीयांश जागा व्यापतो, ४० सेंटिमीटरच्या कुंडीत फक्त एक अष्टमांश. मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून त्याचे विसरण, म्हणजे आपोआप पसरत जाणे, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी संथ असते. म्हणून हा चिंब भाग मुळांच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी ठरतो.

निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची पद्धत याच कारणाने उलटी पडते. बारीक पोकळ्यांतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी घटते. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर एक खापरी ठेवली की पुरे.

अरुंद वृंदावनातली तुळस सुकली की आजही काही घरांत बाईच्या ‘विटाळा’ला दोष देतात. हा निव्वळ अन्याय आहे. ती तुळस अलगद उपसून पाहावी. बहुतेक वेळा मुळांचा गच्च वेटोळा झालेला असतो किंवा तळाची मुळे कुजलेली असतात.

टोमॅटो किंवा वांग्यासाठी किमान २० लिटर माती आणि ३० सेंटिमीटर खोली असावी. बारा इंच व्यासाच्या, तितक्याच उंच आणि सरळ बाजूंच्या कुंडीत साधारण २१ लिटर माती मावते. मेथी-पालकाला उथळ ट्रे चालतो. नुसती बागेतली माती भरलेली बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर ३० किलोंच्या वर जाते, म्हणून मिश्रणात कोकोपीट आणि कंपोस्ट भरपूर घालावे, आणि कुंड्यांची रांग स्लॅबच्या मधोमध न मांडता तुळईच्या रेषेवर मांडावी.