पेट स्कॅनमधली साखर आणि उपाशी न मरणारा कॅन्सर

‘पेट स्कॅनच्या आधी साखर टोचतात. कॅन्सरची गाठ ती साखर खाते आणि उजळते. म्हणजे कॅन्सर साखरेवर जगतो. साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरेल!’ हा निरोप अधूनमधून फिरत फिरत येतोच. सोबत ऑटो वारबर्ग यांचा कृष्णधवल फोटो आणि ‘नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे’ अशी ओळ. कधीकधी खाली अल्कधर्मी पाण्याच्या यंत्राची जाहिरातही चिकटवलेली असते.

साखर टोचतात हे खरं. पण गाठ ती साखर खात नाही. तिला ती खाताच येत नाही, आणि नेमक्या त्यामुळेच पेट स्कॅन, म्हणजे टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्यावरून शरीराचं चित्र काढणारी तपासणी, जमतो. रसायनशास्त्रातल्या ज्या मोजक्या युक्त्यांवर माझा जीव जडलाय त्यातली ही एक. तेव्हा आधी ती जरा ऐसपैस सांगतो, निरोपाचा समाचार मग घेऊ.

टोचतात त्या द्रव्याचं नाव एफडीजी, फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज. शाळेत काढलेली ग्लुकोजची आकृती आठवा: सहा कार्बन आणि त्यांना लटकलेले हायड्रोजन व ओएच गट. यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ओएच काढून तिथे फ्लोरिनचा अणू बसवला की झालं एफडीजी. हा फ्लोरिन किरणोत्सारी असतो, फ्लोरिन-१८. त्याचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे साठा करून ठेवायची सोयच नाही. तात्सुओ इदो यांच्या गटानं ते अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवलं आणि १९७६च्या ऑगस्टमध्ये विमानानं फिलाडेल्फियाला पाठवलं. तिथे अब्बास अलावी यांनी ते दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. माणसाला एफडीजी देण्याची ती पहिली वेळ. बघायचा होता मेंदू. कॅन्सरची पाळी नंतर आली.

आता पेशीच्या दारात येऊ. पेशीच्या पटलात ‘ग्लूट’ नावाची प्रथिनं असतात, ती ग्लुकोजला आत घेतात. दुसऱ्या कार्बनवर काय आहे याची ती फारशी चौकशी करत नाहीत, त्यामुळे एफडीजीही आत शिरतं. आत हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते सहाव्या कार्बनवर फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेटवर ऋण प्रभार असल्यामुळे आता तो रेणू पटलातून परत बाहेर पडू शकत नाही. साध्या ग्लुकोजला याची फिकीर नसते, कारण त्याला पुढे जायचं असतं. पुढच्या पायरीवर दुसरं एन्झाइम त्याचं फ्रुक्टोज-६-फॉस्फेट करतं. ते करताना कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध पहिल्या कार्बनवरून दुसऱ्यावर सरकवावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन असायलाच हवा. एफडीजीत तिथे फ्लोरिन आहे. एन्झाइमचं काम तिथेच थांबतं. चक्रव्यूहात शिरता आलं, बाहेरची वाट ठाऊक नाही, अशी अभिमन्यूची गत. ज्या पेशी जास्त साखर ओढतात त्यांच्यात हे अडकलेले रेणू तासाभरात साचत जातात.

आणि पुढे? फ्लोरिन-१८चा ऱ्हास झाला की त्याचा होतो ऑक्सिजन-१८. हा ऑक्सिजन किरणोत्सारी नाही, फक्त थोडा जड. तो शेजारच्या पाण्यातून एक हायड्रोजन उचलतो आणि दुसऱ्या कार्बनवर पुन्हा ओएच तयार! म्हणजे अडकलेला रेणू आता खरंखुरं ग्लुकोज-६-फॉस्फेट झाला. पेशी त्याला नेहमीसारखी वापरून टाकते. आणखी मौज म्हणजे सायक्लोट्रॉनमध्ये (प्रभारित कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) फ्लोरिन-१८ बनवतात तेच मुळी ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून. ऑक्सिजनपासून निघाला, दोनएक तास फ्लोरिन म्हणून मिरवला, परत ऑक्सिजन झाला.

त्या एका गायब ओएचची करामत मूत्रपिंडातही दिसते. गाळलेल्या लघवीतून ग्लुकोज परत रक्तात खेचणारे पंप असतात, त्यांचं नाव एसजीएलटी. (यातल्या एकाला अडवणारी औषधं मधुमेहासाठी आली आणि आता हार्ट फेल्युअरमध्येही दिली जातात.) हे पंप ग्लूटपेक्षा चोखंदळ. त्यांना दुसऱ्या कार्बनवरचा ओएच हवाच असतो. म्हणून रक्तातलं ग्लुकोज लघवीत सांडत नाही, पण एफडीजी सांडतं आणि स्कॅनमध्ये मूत्राशय दिव्यासारखं लखलखतं. त्याच्या अगदी खाली असते प्रोस्टेट ग्रंथी. त्यात प्रोस्टेटचे बरेचसे कॅन्सर साखरेचे फार भुकेले नसतात. दोन्ही कारणांनी एफडीजी तिथे लंगडं पडतं.

प्रोस्टेटसाठी मग साखर सोडून वेगळी खूण शोधावी लागली. पीएसएमए नावाचं प्रथिन त्या कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर भरपूर असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ बसवलं की गाठी दिसतात. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बसवलं की तसल्याच रेणूनं उपचार होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ चाचणीत, इतर उपचार करून झालेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान यामुळे ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेलं. चार महिने. त्या टप्प्यावर ही वाढ मोठीच आहे, पण मथळ्यांत ‘कॅन्सरवर मात’ वाचलं की चीड येते.

फ्लोरिनच्या ऱ्हासातून मिळणारी खूण बाहेर कशी दिसते ते थोडक्यात सांगतो. ऱ्हासात एक पॉझिट्रॉन सुटतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण. तो जेमतेम मिलिमीटरभर जातो, एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्या जागी गॅमा किरणांचे दोन कण उरतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, जवळजवळ अगदी उलट दिशांना धावणारे. रुग्णाभोवती स्फटिकांचं कडं असतं. समोरासमोरच्या दोन स्फटिकांत काही नॅनोसेकंदांच्या आत ठिणगी पडली की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ऱ्हास झाला, असं धरतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. दोन ठिणग्यांतला फरक सुमारे २०० पिकोसेकंदांपर्यंत मोजता आला, तर रेषेवरची जागा साधारण ३ सेंटिमीटरच्या पट्ट्यात येते. अशा असंख्य रेषांतून संगणक चित्र उभं करतो. नेहमीच्या यंत्राचं कडं २०-२५ सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे बाकी शरीरातून सुटणारे किरण वाया जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या सायमन चेरी आणि रॅमसी बदावी यांनी १९४ सेंटिमीटरचं कडं बांधलं आणि २०१८ साली त्यात माणसाचे पहिले स्कॅन केले. डोक्यापासून पायापर्यंत सगळं एकाच वेळी, आणि औषधाची मात्रा कमी करूनही.

बरं, वारबर्ग. त्यांनी १९२०च्या दशकात दाखवलं की ट्यूमरचे काप ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल बनवतात. निरीक्षण पक्कं होतं. १९३१चं नोबेल मात्र त्यांना श्वसनाशी संबंधित एन्झाइमच्या शोधासाठी मिळालं, कॅन्सरसाठी नव्हे. आणि ‘पेशीचं श्वसन बिघडतं म्हणून कॅन्सर होतो’ हा त्यांचा अर्थ बहुतेक ट्यूमरच्या बाबतीत टिकला नाही. त्या ट्यूमरच्या पेशींतली मायटोकाँड्रिया, म्हणजे श्वसन चालवणारे भाग, चालू असतात. मग अशी उधळपट्टी का? अर्धवट ज्वलनातून एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) २ रेणू मिळतात, पूर्ण ज्वलनातून ३०च्या आसपास. आज सगळ्यात पटणारं उत्तर असं की झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल हवा असतो: डीएनए, मेद, प्रथिनं घडवायला कार्बन. सगळं जाळून टाकलं तर बांधणार कशानं?

इथवर निरोपवाल्यांना अजून आशा असेल. पण २०२१ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाचा एक शोधनिबंध आला. त्यांनी उंदरांना एफडीजी देऊन त्यांचे ट्यूमर काढले, पेशी सुट्या केल्या, जातवार वेगळ्या केल्या आणि प्रत्येक जातीत किती किरणोत्सार आहे ते मोजलं. दर पेशीमागे सर्वात जास्त साखर ओढणाऱ्या निघाल्या गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशी, विशेषतः मॅक्रोफेज गोत्रातल्या. कॅन्सरपेशींचा ओढा ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे जास्त होता. स्कॅनवरची चमक ही त्या वस्तीतल्या सगळ्यांच्या भुकेची बेरीज असते. त्यात कॅन्सरचा वाटा किती, हे नुसत्या चमकेवरून सांगता येत नाही.

मग साखर सोडून काय होईल? रक्तात कुठल्याही वेळी सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि शरीर ते राखतंच. खाल्लं नाही तर यकृत साठवणीतून देतं, साठवण संपली की अमिनो आम्लांपासून बनवतं. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेचा २० टक्के वाटा खातो. त्याला उपाशी ठेवणं शरीराला परवडणारं नाही. त्यामुळे आहारातून साखर काढून गाठीची नाकेबंदी होत नाही. उलट उपचारांदरम्यान आधीच वजन घटत असलेल्या माणसानं ऐकीव माहितीवर खाणं तोडलं तर तो नाहक खंगतो. फाजील गोड खाऊन येणारा लठ्ठपणा काही कॅन्सरचा धोका वाढवतो, हे खरंच आहे, पण ती कॅन्सर होण्याआधीच्या बऱ्याच वर्षांची गोष्ट. अल्कधर्मी पाण्याबद्दल एवढंच: रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत, आणि ते पाणी आधी जठरातल्या आम्लात पडतं.

चमक म्हणजे भूक, एवढं ध्यानात ठेवलं की स्कॅनच्या आधीचे नियमही उलगडतात. काही तास उपाशी का ठेवतात? जेवलात तर इन्सुलिन वाढतं आणि साखर स्नायूंत जाते. टोचल्यावर गप्प का बसवतात? बोललात तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. पांघरूण का देतात? थंडी वाजली तर मानेभोवतीची तपकिरी चरबी साखर जाळून ऊब तयार करते आणि हुबेहूब गाठींसारखी दिसते. प्रौढ माणसात ही चरबी कार्यरत असते हे २००९ साली पक्कं झालं, तेही बऱ्याच अंशी अशा ‘बिघडलेल्या’ स्कॅनमुळेच. क्षयाच्या गाठीही उजळतात, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली जागाही. रिपोर्टमधला एसयूव्ही, म्हणजे एखाद्या जागी किती एफडीजी साचलं ते सांगणारा आकडा, उपाशी राहण्याचा काळ, रक्तातली साखर, टोचल्यापासूनचा वेळ, वजन या सगळ्यांवर हलतो. ‘अडीचच्या वर म्हणजे कॅन्सर’ असा हिशेब घरी बसून करू नये. आणि लक्षणं नसताना निव्वळ हौसेखातर पूर्ण शरीराचा स्कॅन करून घेण्यात किरणोत्सार नक्की मिळतो, फायद्याची हमी नाही.

हृदयाचं वागणं आणखी वेगळं. उपाशीपोटी ते मेदाम्लं जाळतं, रक्तपुरवठा कमी पडला की ग्लुकोजकडे वळतं. यावरून एक देखणी कल्पना निघाली: जिथे रक्त कमी पोचतंय पण एफडीजी साचतंय तो स्नायू मेलेला नाही, निद्रिस्त आहे, रक्त पोचवलं तर जागा होईल. पण अशा जिवंत स्नायूचा पुरावा असलेल्या ७०० रुग्णांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हाइव्ह्ड’ चाचणीत स्टेंट घालण्यानं चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होणं कमी झालं नाही. त्यांचे स्कॅन बहुतांशी दुसऱ्या पद्धतींचे होते, पण तर्क तोच. हृदयरोगतज्ज्ञांत त्यावर वाद चालू आहे.

रक्तवाहिन्यांत साखरेविनाच काम होतं. तोच फ्लोरिन-१८ नुसता सोडियम फ्लोराइड म्हणून टोचतात. तो हाडातल्या आणि साचलेल्या चुन्यातल्या हायड्रॉक्सीअपॅटाइट या कॅल्शियमच्या खनिजात शिरतो, पुन्हा ओएचचीच जागा घेऊन. सीटी स्कॅनला जुना, घट्ट झालेला कॅल्शियम दिसतो. फ्लोराइड नुकते जमू लागलेले बारीक कण पकडतं, आणि धमनीतला फुटू शकणारा थर तसाच असतो. एडिंबरामध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ४० जणांवर हे करून पाहिलं. २०१४ साली जाहीर झालेल्या निकालात ३७ जणांमध्ये सर्वाधिक चमक नेमकी अटॅकला कारण ठरलेल्या जागी होती. पण ते घडून गेल्यानंतरचं बघणं. आधीच इशारा मिळतो का हे तपासायला सातशेवर रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. २०२३च्या त्या निकालात, ज्या एकत्रित निकषावर चाचणी बेतली होती त्याच्याशी चमकेचा संबंध सिद्ध झाला नाही. अचानक कराव्या लागलेल्या अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यातून वगळून फक्त हृदयविकारानं झालेले मृत्यू आणि हार्ट अटॅक मोजले, तेव्हा तो दिसला.