खेकडा, गोड्या पाण्यातील

गेकार्सिनुसिडी कुळातील दशपाद कवचधारी प्राणी. सातारा जिल्ह्यात जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांत आणि सांगलीत शिराळ्याच्या पश्चिमेस ओढ्यांत, भातखाचरांच्या बांधांत व दगडकपारींत राहतो. दख्खनमधील परिचित मोठी जाती बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस. तिचे वर्णन साइक्स व वेस्टवुड यांच्या १८३६ च्या लेखात आले. सह्याद्रीतील लहान, भडक रंगाच्या काही जाती २०१४ मध्ये मांडलेल्या घाटियाना प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडतात.

पायांच्या पाच जोड्यांपैकी पहिली नांग्यांची. नर-मादी ओळखायला खेकडा उलटा करावा: पोटाखाली दुमडलेली पट्टी नरात अरुंद, मादीत रुंद व गोलसर असते. नांगीच्या आकारावरून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो, कारण तुटलेली नांगी पुन्हा उगवते आणि काही काळ लहानच राहते.

समुद्री खेकड्यांची अंडी लाखांनी असतात आणि त्यांतून निघणारे डिंभक (प्रौढासारखी न दिसणारी पहिल्या अवस्थेतील पिल्ले) प्रवाहाबरोबर दूर जातात. या खेकड्यांत मुक्तपणे पोहणारा डिंभकच नाही. अंडी फार तर काही शेकडा, पण प्रत्येक दोन-तीन मिलिमीटरची आणि बलकाने भरलेली. डिंभकाच्या अवस्था अंड्यातच उरकतात. मादी अंडी पोटपट्टीखाली सांभाळते. बाहेर पडणारे पिल्लू म्हणजे तयार चिमुकला खेकडाच. तेही काही दिवस आईला बिलगून असते. पावसाळ्यात अशा ‘पिल्लांच्या’ माद्या ओढ्याकाठी सापडतात. अशी एक मादी कालवणात गेली की तिची सारी वीण जाते. पिल्ले फार लांब पसरत नसल्याने रिकामा झालेला ओढा भरून यायलाही वेळ लागतो. सह्याद्रीत छोट्या टापूपुरत्या जाती इतक्या का, याचेही मुख्य कारण हेच.

कवच वाढत नाही, म्हणून वाढ कात टाकूनच होते. कवच मागच्या कडेला उकलते, खेकडा मागे सरकत बाहेर येतो आणि नवे कवच कडक होईपर्यंत लपून बसतो. टाकलेली कात तो बहुधा खातो; त्यातला चुना नव्या कवचाला लागतो.

उन्हाळ्यात तो ओलीपर्यंत खोल बीळ नेतो. कल्ले ओले राहिले तर हवेतही श्वास चालतो. पूर्ण सुकले तर तो गुदमरतो. याच बिळांमुळे खाचराचे पाणी बांधातून झिरपते. नुसते तोंड लिंपल्याने गळती थांबत नाही, कारण आतली पोकळी तशीच राहते. बीळ शेवटापर्यंत खणून चिखल थराथराने तुडवावा लागतो.

पकडताना मागून, कवचाच्या दोन्ही कडांना धरावे. मेलेला खेकडा झपाट्याने कुजतो, तो खाऊ नये. रस्सा पूर्ण शिजवावा: अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात राहणारा चपटा कृमी माणसाला होऊ शकतो. भारतात हा आजार मुख्यतः ईशान्येकडे नोंदला आहे.