घरगुती स्टीरिओ संचातील डॅक व प्रीअँप

घरगुती स्टीरिओ संचातील डॅक व प्रीअँप : अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे सलग बदलणाऱ्या विद्युत दाबात रूपांतर करणारे उपकरण म्हणजे डॅक, आणि अनेक स्रोतांपैकी एकाची निवड करून, त्याची पातळी कमीजास्त करून तो संकेत स्पीकर चालवण्याइतकी शक्ती देणाऱ्या पॉवर अँपकडे धाडणारा मधला टप्पा म्हणजे प्रीअँप. शुद्ध मराठीत यांना अंकीय-सदृश परिवर्तक आणि पूर्वविवर्धक म्हणता येईल. पण वापरणाऱ्यांच्या तोंडी डॅक आणि प्रीअँप हेच शब्द असल्याने या नोंदीतही तेच घेतले आहेत. संचातील क्रम नेहमी एकच असतो : स्रोत, डॅक, प्रीअँप, पॉवर अँप आणि शेवटी स्पीकर. स्पीकरआधीचे हे टप्पे चार वेगळ्या पेट्यांत असतील किंवा एकाच पेटीत दडलेले असतील. इंटिग्रेटेड अँपमध्ये प्रीअँप आणि पॉवर अँप एकत्र असतात, तर आजच्या अनेक डॅकमध्ये आवाजाचे बटण असल्यामुळे प्रीअँपचे निम्मे काम डॅकच उरकतो. संच मांडताना येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक उपकरणांच्या दर्जाशी नव्हे, तर एका टप्प्याने दुसऱ्याला किती व्होल्ट द्यायचे आणि आवाज नेमका कोठे कमी करायचा या प्रश्नाशी निगडित असतात.

पार्श्वभूमी : ध्वनीचे नमुने घेऊन त्यांना अंकांचे रूप देण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ च्या सुमारास दूरध्वनीसाठी मांडली. एका सेकंदात किती नमुने घेतले म्हणजे मूळ संकेत पुरेपूर परत मिळतो, याचे गणित हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावांनी ओळखले जाते. हव्या त्या सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या मर्यादेतील काहीही हरवत नाही. हे तंत्र घराघरांत पोहोचले ते १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी आणलेल्या सीडीमुळे. सीडीत प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. त्यामुळे सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी आणि जवळपास ९६ डेसिबलचा पल्ला हाताशी येतो. त्या वर्षी फिलिप्सने वापरलेला डॅक प्रत्यक्षात १४ बिटांचा होता आणि नमुन्यांची संख्या आधी चौपट करून तो उरलेली अचूकता मिळवत असे. सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटांचा एकच डॅक डाव्या-उजव्या वाहिन्यांना आळीपाळीने वापरला जाई, त्यामुळे दोहोंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. त्या काळी काटकसर कोठे करावी लागत होती, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. आजच्या साध्या डॅकलाही तशी काटकसर करावी लागत नाही.

अंकीय बाजूची जोडणी : डॅकच्या मागच्या बाजूला सहसा यूएसबी, कोॲक्सियल आणि ऑप्टिकल असे तीन प्रवेश असतात. कोॲक्सियल जोडणीत विद्युत संकेत ७५ ओहमच्या तारेतून जातो. तोच संकेत प्रकाशाच्या रूपात नेणारी ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये प्रचारात आणली. ऑप्टिकलचा मोठा गुण असा की तिच्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे टीव्ही किंवा संगणकाच्या वीजपुरवठ्याचा उपद्रव डॅकपर्यंत पोहोचत नाही. तिची मर्यादा नमुन्यांच्या वेगाची आहे : ९६ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुन्यांपर्यंत, ती बहुधा बिनतक्रार चालते, १९२ किलोहर्ट्झला मात्र कित्येक उपकरणे अडखळतात.

टीव्ही ऑप्टिकलने जोडल्यावर डॅकमधून काहीच ऐकू न येणे, हा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी तार किंवा डॅक बिघडलेला नसतो. टीव्ही डॉल्बीसारख्या दाबलेल्या स्वरूपात आवाज पाठवत असतो आणि साध्या स्टीरिओ डॅकला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या ध्वनिविषयक मेनूत जाऊन बाहेर जाणारा आवाज ‘पीसीएम’ म्हणजे न दाबलेल्या स्वरूपाचा करावा, म्हणजे प्रश्न सुटतो.

यूएसबी जोडणीत संगणक आणि डॅक यांच्यापैकी ठेका कोणी धरायचा हा मुद्दा महत्त्वाचा असतो. नमुने ठरलेल्या क्षणीच बाहेर पडायला हवेत, आणि त्यातील सूक्ष्म हेलकाव्याला जिटर म्हणतात. ‘असिंक्रोनस’ पद्धतीत डॅकमधील घड्याळ मुख्य असते. डॅक स्वतःच्या गतीने माहिती मागवतो आणि संगणक ती पुरवतो. आजचे बहुतेक यूएसबी डॅक याच पद्धतीचे असल्याने संगणकाच्या अंगच्या धांदलीचा परिणाम घड्याळावर होत नाही. ९६ किलोहर्ट्झच्या वर जाण्यासाठी यूएसबी ध्वनीची दुसरी आवृत्ती लागते. विंडोजमध्ये ती २०१७ पासून अंगभूत आहे. त्याआधी निर्मात्याचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागे. संगणकाचा ध्वनिमिश्रक सर्व आवाज एकाच ठरावीक वेगात बदलून पाठवतो, म्हणून सीडीच्या प्रती ऐकायच्या असतील तर तो वेग ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवावा किंवा वादक प्रणालीला, म्हणजे संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला, डॅकचा एकट्याने ताबा घेऊ द्यावा. या वेगबदलाने होणारे नुकसान आता फारच थोडे असते, पण ते टाळायला खर्च काहीच नाही.

पातळीचे गणित : डॅकच्या आरसीए या नेहमीच्या एकेरी जोडणीच्या निर्गमावर (आउटपुटवर) पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट मिळतात, ही सीडी प्लेअरच्या काळापासून चालत आलेली प्रथा आहे. संतुलित म्हणजे एक्सएलआर निर्गमावर ते साधारण ४ व्होल्ट असतात. आता २६ डेसिबल, म्हणजे वीसपट, वाढ करणारा एक पॉवर अँप घेऊ. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देण्यासाठी त्याला २८ व्होल्ट बाहेर काढावे लागतील आणि त्याकरिता आत १.४ व्होल्ट पुरतील. म्हणजे डॅकचे २ व्होल्ट जसेच्या तसे दिले, तर हा अँप आपल्या क्षमतेच्या पलीकडे ढकलला जाईल. पण घरात बसून ऐकताना सरासरी १ वॉटही क्वचितच लागतो, आणि १ वॉटसाठी आत अवघे ०.१४ व्होल्ट हवेत. याचा अर्थ डॅक आणि पॉवर अँप यांच्यामध्ये सुमारे २३ डेसिबलची घट कोणीतरी करायला हवी. प्रीअँपच्या नावात ‘अँप’ असले, तरी डॅक जोडलेल्या संचात त्याचे मुख्य काम संकेत वाढवण्याचे नसून तो कमी करण्याचे आहे.

हे ध्यानात न घेतल्यास काय होते, ते आवाजाच्या बटणावर हात ठेवताच कळते. १२ डेसिबल वाढ करणारा जुन्या धाटणीचा प्रीअँप मध्ये बसवला, तर आधी संकेत चौपट होतो आणि मग त्याच बटणाने ३५ डेसिबल कमी करावा लागतो. बटण शून्यावरून जरा हलवले की खोली भरून जाते, आणि रात्री हळू ऐकायचे म्हटले तर डावी बाजू ऐकू येते व उजवी मागे पडते, कारण बटणामागील साध्या पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे बदलत्या रोधाचे, दोन भाग अगदी खालच्या टोकाला एकमेकांशी जुळत नाहीत. यावर नवा प्रीअँप घेणे हा एक उपाय झाला. पण संकेत १० किंवा २० डेसिबलने कमी करणारे अटेन्युएटर पॉवर अँपच्या प्रवेशावर खोचणे, किंवा प्रीअँपची वाढ कमी करण्याची कळ असल्यास ती फिरवणे, हा अधिक सोपा उपाय आहे. नेहमीच्या ऐकण्यात बटण आपल्या पल्ल्याच्या मध्याच्या आसपास असेल, तर पातळ्या जुळल्या असे समजावे.

आवाज एकाच ठिकाणी कमीजास्त करावा, हा या जोडणीतील सर्वांत उपयोगी नियम आहे. संगणकाची, वादक प्रणालीची, डॅकची आणि प्रीअँपची अशी चार बटणे एका रांगेत असतील, तर त्यांपैकी तीन पूर्ण पातळीवर ठेवून द्यावीत. स्वतंत्र प्रीअँप असेल, तर डॅकचा निर्गम ‘फिक्स्ड’, म्हणजे कायम पूर्ण पातळीचा, करावा. काही डॅक नवे असताना ‘व्हेरिएबल’, म्हणजे पातळी बदलता येणाऱ्या, स्थितीत आणि मध्यम पातळीवर असतात. मग मालक प्रीअँप दुबळा असल्याची तक्रार करत राहतो. उलट, डॅक थेट पॉवर अँपला जोडायचा असेल, तर पहिल्यांदा सुरू करण्याआधी तो ‘व्हेरिएबल’ आहे आणि पातळी अगदी खाली आहे याची खात्री करावी. येथे चूक झाल्यास संपूर्ण शक्ती एका क्षणात स्पीकरवर येते.

प्रीअँप हवा की नको : यावर हौशी श्रोत्यांत वाद बराच असला, तरी त्याचे उत्तर बरेचसे आकड्यांनी देता येते. डॅकमध्ये अंकीय पद्धतीने आवाज कमी केला की दर ६ डेसिबलमागे एक बिट खर्ची पडतो. १६ बिटांचे संगीत २४ बिटांच्या मार्गातून जात असेल, तर ४८ डेसिबलपर्यंत त्याला धक्का लागत नाही. त्यामुळे ‘बिट गळतात’ ही भीती अनाठायी आहे. खरी मर्यादा वेगळी आहे. संगीत कमी झाले, तरी डॅकच्या निर्गम मंडलाचा स्वतःचा गोंगाट तेवढाच राहतो आणि तो पॉवर अँप वीसपट करतो. २ व्होल्टच्या १०० डेसिबल खाली गोंगाट असलेल्या डॅकमुळे स्पीकरवर ०.४ मिलिव्होल्ट पोहोचतात. १ वॉटला ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरमध्ये एक मीटरवरून हा आवाज १३ डेसिबल, म्हणजे ऐकू न येण्याजोगा असतो. १०४ डेसिबलच्या हॉर्न स्पीकरमध्ये मात्र तो २७ डेसिबल होतो आणि शांत खोलीत ‘सूं’ असा कानावर पडतो. गोंगाट १२० डेसिबल खाली असलेल्या डॅकमध्ये हा प्रश्न उरत नाही.

तेव्हा स्रोत एकच असेल आणि डॅक चांगला असेल, तर वेगळा प्रीअँप गाळायला हरकत नाही. तबकडी, ट्यूनर असे आणखी स्रोत असल्यास, किंवा डॅकवरचे बटण गैरसोयीचे असल्यास तो हवाच. तबकडीला तर आणखी एक टप्पा लागतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या काट्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात आणि रेकॉर्ड कापताना केलेला खर्ज व उच्च स्वरांचा फेरबदल उलटा करावा लागतो. म्हणून फोनो प्रवेश वेगळा असतो. त्या प्रवेशात डॅक जोडू नये, त्याचे २ व्होल्ट तेथे कानठळ्या बसवणाऱ्या विकृतीखेरीज काहीही देत नाहीत.

पॅसिव्ह प्रीअँप म्हणजे केवळ स्विच आणि पोटेन्शिओमीटर असलेली, वीज न लागणारी पेटी. वर काढलेल्या हिशोबानुसार घटच हवी असल्याने ही कल्पना वाजवी आहे, पण तिला तारेच्या लांबीचे बंधन असते. पोटेन्शिओमीटरचा निर्गम संरोध (आउटपुट इम्पिडन्स) जास्तीत जास्त त्याच्या किमतीच्या चतुर्थांशाइतका होतो. १० किलोओहमच्या भागापुढे ५०० पिकोफॅरड धारितेची (कपॅसिटन्सची) तार लावली, तर उच्च स्वरांची घसरण सुमारे १२७ किलोहर्ट्झला सुरू होते. ५० किलोओहमचा भाग वापरल्यास तीच २५ किलोहर्ट्झपर्यंत खाली येते आणि तिची किनार ऐकण्याच्या पट्ट्याला शिवते. म्हणून अशी पेटी पॉवर अँपच्या शेजारी ठेवून आखूड तार वापरावी. पुढच्या उपकरणाचा प्रवेश संरोध मागच्याच्या निर्गम संरोधाच्या दहापट तरी असावा, हा नियम सगळ्याच जोडण्यांना लागू आहे.

चालू-बंद करण्याचा क्रम आणि हमिंग : सर्व तारा उपकरणे बंद असताना जोडाव्यात. सुरू करताना आधी स्रोत व डॅक, मग प्रीअँप आणि सर्वांत शेवटी पॉवर अँप. बंद करताना पॉवर अँप सर्वांत आधी. क्रम चुकल्यास मधल्या उपकरणाचा ‘धप्’ असा झटका थेट स्पीकरच्या पडद्याला बसतो.

संच जोडल्यावर सतत हमिंग येत असेल, तर ते बहुधा अर्थ लूपमुळे असते : दोन उपकरणे विजेच्या अर्थिंगने आणि ध्वनीच्या तारेच्या जाळीने, अशी दोन वाटांनी एकमेकांना जोडली जातात व त्या वळशातून बारीक प्रवाह फिरत राहतो. शोध पॉवर अँपपासून मागे जात घ्यावा. अँप बंद करून त्याच्या प्रवेशातील तारा काढाव्यात आणि पुन्हा सुरू करावा. शांतता असेल तर दोष मागे आहे. मग प्रीअँप जोडून डॅक सोडवावा, नंतर डॅक जोडून यूएसबी सोडवावी, आणि प्रत्येक बदलाआधी अँप बंद करावा. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज थांबला, तर लूप चार्जरमधून जात होता हे उघड होते. अशा वेळी ऑप्टिकल जोडणी किंवा दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणारा यूएसबी आयसोलेटर कामी येतो. सर्व उपकरणे एकाच वीजपट्टीवर घेतल्यानेही पुष्कळदा फरक पडतो. प्लगमधील अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि हमिंग त्याने जातेही, पण बिघाड झाल्यास उपकरणाची धातूची पेटी जिवंत होते. हा उपाय कधीही करू नये. संतुलित जोडणीत संकेत दोन तारांवर परस्परविरुद्ध जातो आणि दोहोंवर सारखाच आलेला उपद्रव पुढच्या टोकाला वजा होतो, म्हणून लांब तारांसाठी ती अधिक भरवशाची आहे.

तुलना : दोन डॅकची किंवा प्रीअँप असलेल्या व नसलेल्या संचाची तुलना करताना पातळी आधी समान करावी लागते, कारण जरा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता अधिक खुला आणि सुस्पष्ट वाटतो. एक्सएलआरचा निर्गम आरसीएपेक्षा ६ डेसिबलने चढा असतो, आणि संतुलित जोडणीचे केले जाणारे पुष्कळसे कौतुक एवढ्यानेच सांगता येते. यासाठी १०० ते २०० हर्ट्झचा एकसारखा स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्ट मल्टिमीटरने मोजावेत. स्वस्त मीटर याहून फार वरच्या कंप्रता नीट मोजत नाहीत. दोन वाचनांतील फरक एका टक्क्याच्या आत आला, की पातळीतील तफावत ०.१ डेसिबलहून कमी राहते.