अडथळ्यापासून ओशाळण्यापर्यंत: इंग्रजीतल्या काही शब्दांची पार्श्वभूमी

चारचौघांत फजिती झाली की इंग्रजीत सहज तोंडी येतो तो शब्द म्हणजे 'एम्बॅरस्ड'. पण हा शब्द त्या भाषेत बराच उशिरा आला, आणि आला तेव्हा भावनेशी त्याचा फारसा संबंध नव्हता. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ वाट अडवणे, अडथळा आणणे. फ्रेंचांनी तो स्पॅनिशमधून घेतला, आणि स्पॅनिशमध्ये तो बहुधा पोर्तुगीजमधून आला असावा. पोर्तुगीजमध्ये 'बारासो' म्हणजे दोर. पाय दोरात अडकावा, तसं काहीसं मूळ चित्र आहे. इंग्रजी लेखनातला त्याचा सर्वांत जुना ज्ञात वापर सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत, १६६४ सालचा आहे.

त्यानंतर दीड शतक हा शब्द मुख्यतः अडकण्या-गुंतण्याचाच राहिला. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात त्याचा अर्थ गोंधळात टाकणे, त्रास देणे, गुंतवणे असाच दिला आहे. अठराव्या शतकातला एखादा इंग्रज गृहस्थ आपले व्यवहार 'एम्बॅरस्ड' झाल्याचं पत्रात लिहितो, तेव्हा तो लाजलेला नसतो, कर्जात बुडालेला असतो. जुनं इंग्रजी वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर अख्ख्या प्रसंगाचा अर्थच बदलतो. दुसऱ्याला अवघडून टाकणे हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. स्पॅनिशमध्ये त्याच मुळापासून आलेल्या 'एंबारासादा'चा अर्थ मात्र आज गरोदर असा आहे. स्पॅनिश शिकणारे इंग्रजी भाषक तिथे हमखास फसतात.

मग त्याआधी काय म्हणत? मुख्य भार 'शेम'वर होता. हा अस्सल जर्मानिक कुळातला, जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द. पापाची टोचणी, बेअब्रू, उघडं पडल्याची लाज हे सगळं त्याच्याच पोटात होतं. शिवाय जुन्या फ्रेंचमधून आलेला 'अबॅश्ड' होता. आश्चर्याने तोंडाचा आ वासणं हा त्याचा मूळ भाव, आणि 'बॅशफुल' म्हणजे बुजरा हा शब्द त्यातूनच निघाला. पण हातून पाप घडलेलं नाही, अब्रूही गेलेली नाही, फक्त चूक चारचौघांत झाली म्हणून जीव कसनुसा होतो, या छोट्या भावनेला वेगळं नाव नव्हतं. माझ्या मते दिवाणखान्यातल्या शिष्टाचारांना जसजसं महत्त्व आलं, तसतशी अशा नावाची गरज वाढली. 'शेम' त्या कामाला फार जड होता.

हे जड शब्द हलके होत जाणं 'मॉर्टिफाइड'मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ठार मारणे. मग धार्मिक वळण आलं: उपासतापास करून देहाच्या वासना मारणे. वैद्यकात शरीराचा भाग सडून मृत होण्यालाही 'मॉर्टिफिकेशन' म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो अहंकार दुखावण्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि आज चुकीच्या माणसाला मेसेज गेला तरी लोक 'आय वॉज मॉर्टिफाइड' म्हणतात. मराठीत आपण 'मेल्याहून मेल्यासारखं झालं' म्हणतो, ते याच्या फार जवळ जातं. 'ह्युमिलिएट' लॅटिन 'ह्यूमस', म्हणजे जमीन, या शब्दाच्या कुळातला. त्यात खाली लोळवणारा कुणीतरी बहुतेक वेळा असतोच, म्हणून आपल्याच वेंधळेपणाबद्दल बोलताना तो वापरला तर खटकतो.

'ऑकवर्ड'चा प्रवास मला विशेष आवडतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'ऑक' म्हणजे उलटा, चुकीच्या बाजूला वळलेला. पुढे दिशा दाखवणारा 'वर्ड' लागला, जसा 'बॅकवर्ड'मध्ये आहे. आधी उलट दिशेने, मग बेंगरूळ, आणि शेवटी दोन माणसांमध्ये पसरलेला अवघडलेपणा.

शब्दांच्या मागोमाग अभ्यासकही या भावनेकडे वळले. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या भावनाभिव्यक्तीवरील ग्रंथात चेहरा लाजेने लाल होण्याची सविस्तर चर्चा केली. सगळ्या हावभावांत हा सर्वांत खास मानवी, असं त्याचं मत होतं, आणि इतरांना आपण कसे दिसतो हा विचार त्याने त्याच्या मुळाशी ठेवला. १९५६ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने 'एम्बॅरसमेंट'वर स्वतंत्र निबंध लिहिला. आपण लोकांसमोर जी प्रतिमा उभी करतो तिला तडा जातो तेव्हा ही भावना येते, अशी त्याची मांडणी. पापाची बाब 'शेम'कडे आणि प्रतिमेची 'एम्बॅरसमेंट'कडे, ही वाटणी आज शिकणाऱ्यालाही उपयोगी पडते. दोन्हींसमोर नुसतं 'लाज' लिहिणारे कोश इथे कमी पडतात.

अलीकडचा शब्द 'क्रिंज'. जुन्या इंग्रजीतलं त्याचं मूळ रूप लढाईत कोसळण्यासाठी वापरत. सोळाव्या शतकात लाचारीने वाकणे हा अर्थ आला, मग अंग चोरणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'क्रिंजवर्दी' रूढ झाला आणि आता इंटरनेटवर नुसता 'क्रिंज' विशेषणासारखा चालतो. इथे फजिती दुसऱ्याची असते आणि अंग आपण चोरतो. जर्मनमध्ये या परक्या लाजेला 'फ्रेम्डशाम' असा स्वतंत्र शब्द आहे. 'आय क्रिंज्ड' म्हणणारा स्वतःबद्दल सांगत असतो, तर 'दॅट वॉज सो क्रिंज' म्हणणारा समोरच्यावर शेरा मारतो. तरुणांच्या तोंडी हा दुसरा प्रयोग सर्रास ऐकू येतो, आणि मला त्यात सहानुभूतीपेक्षा तुच्छता जास्त जाणवते.