वजनाची शस्त्रक्रिया आणि झोपेत अडणारा श्वास

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीसाठी येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना तपासणी होईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. मधुमेह रक्ताच्या अहवालात दिसतो, रक्तदाब मोजता येतो, गुडघे जिना चढताना दुखतात. पण झोपेत आपला श्वास थांबतो, हे झोपलेल्या माणसाला कळणार कसं? कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. आधी मोठ्याने घोरणं, मग एकाएकी सगळं बंद, आणि काही सेकंदांनी गुदमरून घेतलेला खोल श्वास. अशा घरातल्या माणसाने ‘यांचा श्वास मध्येच थांबतो’ असं सांगितलं, तर ती तक्रार समजू नये. डॉक्टरांच्या दृष्टीने ती मोलाची माहिती असते.

या आजारामुळे शस्त्रक्रियेची गरजही वाढते आणि शस्त्रक्रियेतला धोकाही वाढतो. वजन उतरलं की श्वास सुधारतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्या सुधारणेपर्यंत सुखरूप पोहोचायचं कसं आणि तिथे पोहोचल्यावर आजार खरंच गेला का, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

आधी घशात काय होतं ते पाहू. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणाऱ्या वाटेला हाडांचा आधार जवळजवळ नाही. ती स्नायूंनी उघडी धरलेली असते. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात. मानेत, घशाच्या भिंतीत आणि जिभेतही चरबी साठलेली असेल, तर आधीच अरुंद झालेली वाट श्वास आत घेताना मिटते. हो, जिभेतही चरबी साठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय वापरून वजन घटण्याआधीची आणि नंतरची जीभ मोजली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, श्वास सुधारण्याशी घशातल्या बदलांपैकी सर्वांत जवळचा संबंध जिभेतली चरबी कमी होण्याशी आढळला.

दुसरं कारण पोटात असतं. पाठीवर झोपल्यावर पोटातली चरबी छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसांत हवा कमी मावते. फुप्फुसं नीट फुगलेली असली की ती श्वासनलिकेला खाली ताणून धरतात आणि त्या ताणामुळे घसाही उघडा राहतो. हवा कमी झाली की तो ताण सैल पडतो. शिवाय श्वास थांबला तर वापरायला ऑक्सिजनचा साठाही थोडाच उरतो. भुलेच्या वेळी हीच गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

आजाराची तीव्रता तासाच्या हिशोबाने मोजतात. झोपेच्या एका तासात किती वेळा श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा लक्षणीय उथळ झाला, या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांत एकदा किंवा त्याहूनही जास्त वेळा. मेंदू दर वेळी क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही, उरतो तो थकवा आणि जड झालेलं डोकं.

शस्त्रक्रियेआधी हा आजार शोधायची पहिली पायरी म्हणजे ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली. ती टोरंटोतल्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली. घोरणं, दिवसा थकवा, कोणी पाहिलेला श्वासातला खंड, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, जाड मान आणि पुरुष असणं, असे आठ मुद्दे त्यात आहेत. तीन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली तर शंका घ्यायची, पाच किंवा अधिक आली तर ती बळकट समजायची. शस्त्रक्रियेला येणाऱ्या बहुतेकांचा बीएमआयचा गुण आधीच लागलेला असतो, त्यामुळे थोडी शंका आली तरी इथे स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी चाचणी करून घेणंच योग्य, असं माझं मत आहे. सोबत रक्तातलं बायकार्बोनेटही पाहतात. ते २७ किंवा त्याहून जास्त असेल, तर दिवसा जागेपणीही शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची शक्यता असते. स्थूलपणामुळे श्वास कायम अपुरा पडण्याचा हा वेगळा आणि अधिक गंभीर आजार आहे. तो आधी कळला, तर शस्त्रक्रियेची सगळी आखणी बदलते.

निदान झालं की सीपॅप सुरू करतात. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे आणली. नाकावरच्या मास्कमधून सतत थोड्या दाबाने हवा येते आणि घशाच्या मऊ भिंतींना आतून टेकू देते. काहीजणांना वाटतं, ‘दोन महिन्यांत ऑपरेशन होणारच आहे, मग आता हे यंत्र कशाला?’ हा विचार सोडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मास्क पहिल्याच रात्री अंगवळणी पडत नाही. नाक कोरडं पडतं, पट्टा रुततो, कोंडल्यासारखं वाटतं. दिवसा जागेपणी थोडा थोडा वेळ लावून बसणं, मास्कचा आकार बदलून पाहणं, हवेला ओलावा देणारी टाकी जोडणं, या सगळ्याला काही आठवडे द्यावे लागतात. पोटाला टाके पडलेले, अंग दुखतंय आणि औषधांची गुंगी आहे, अशा रात्री अनोळखी मास्क पहिल्यांदा कोण सहन करेल? सवय आधी झालेली असली, तरच त्या रात्री तो उपयोगी पडतो. रुग्णालयात जाताना आपलं यंत्र आणि आपलाच मास्क सोबत न्यावा, हे त्यासाठीच.

आता ऑपरेशन टेबलाकडे. भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं, की नळी घालून कृत्रिम श्वास सुरू होईपर्यंत माणूस स्वतः श्वास घेत नाही. आधी भरपूर ऑक्सिजन दिला असेल, तर सडपातळ निरोगी माणसाची रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण ६ ते ८ मिनिटं टिकते. खूप स्थूल माणसाच्या बाबतीत हा अवधी तीन मिनिटांच्या आसपास येतो. म्हणून भूलतज्ज्ञ अशा रुग्णाला सपाट झोपवत नाहीत. खांदे आणि डोकं उंच करून, कानाची पातळी छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेला समांतर येईल असं बसतं-झोपतं ठेवतात. एवढ्यानेच श्वासपटलावरचा भार हलका होतो आणि नळी घालायची वाटही सरळ दिसते. शेवटी स्नायूंवरचा औषधाचा असर पूर्ण उतरल्याचं मोजून, माणूस नीट जागा झाल्यावरच नळी काढतात.

हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली घडतं. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या तीन-चार रात्रींची.

मॉर्फिनच्या कुळातली वेदनाशामकं श्वासाची प्रेरणा मंद करतात. श्वास थांबल्यावर मेंदू जागा होऊन जी सुटका करतो, तिलाही ही औषधं बोथट करतात. निरोगी माणसाला चालणारी मात्रा इथे जड जाऊ शकते. म्हणून पॅरासिटामॉल, पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं आणि इतर औषधं एकत्र वापरून मॉर्फिनची गरज शक्य तितकी कमी करतात. डोकं ३० अंश उंच ठेवतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात आणि झोप म्हटली की सीपॅप लावतात, दुपारची डुलकी असली तरीही.

पहिली रात्र बरी गेली म्हणून निश्चिंत व्हावं का? शरीर इथे एक अनपेक्षित चाल खेळतं. शस्त्रक्रियेच्या रात्री वेदना, औषधं आणि शरीरावरच्या ताणामुळे गाढ आणि स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते. स्वप्नांच्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात सैल असतात, त्यामुळे ती नसताना श्वास अडण्याचं प्रमाणही काहीसं आवरलेलं राहतं. नंतरच्या रात्रींत ही बुडालेली झोप परतू लागते. फ्रान्सिस चुंग यांच्याच गटाने शस्त्रक्रियेनंतर रात्रीमागून रात्र मोजमापं घेतली, तेव्हा एएचआय तिसऱ्या रात्री सर्वांत जास्त वाढलेला दिसला. दुर्बिणीने केलेल्या वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. म्हणजे ही तिसरी रात्र अनेकदा घरच्या पलंगावर येते. त्या वेळी कोडीनसारखी वेदनाशामक गोळी, झोपेची गोळी किंवा मद्य घेणं धोक्याचं आहे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

एक भीती वारंवार ऐकू येते: यंत्राची हवा पोटात गेली तर आतले नवे टाके उसवणार नाहीत का? पूर्वी काही शल्यचिकित्सकही या शंकेने सीपॅप टाळायचे. पोटाचं बायपास (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडणं) झालेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत सीपॅपमुळे टाक्यांच्या जागी गळती वाढल्याचं दिसलं नाही. उपचार न करता सोडलेला अ‍ॅप्निया मात्र खरोखर धोका वाढवतो. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. हा दिलासा देणारा आकडा आहे. पण पहिल्या महिन्यात गंभीर गुंतागुंत कोणाला जास्त होते, हे पाहिलं तेव्हा पूर्वी रक्ताची गुठळी झालेले आणि चालण्याफिरण्याची क्षमता घटलेले, यांच्याबरोबर स्लीप अ‍ॅप्नियाचे रुग्णही निघाले.

आणि मग वजन उतरू लागतं. जठराचा मोठा भाग कापून काढणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया असो की बायपास, पहिल्या वर्षात बरंच वजन जातं. घोरणं मंदावतं, सकाळ ताजी वाटू लागते, आणि यंत्र हळूच कपाटात जातं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. २००९ साली १२ अभ्यासांतल्या ३४२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. शस्त्रक्रियेआधी सरासरी एएचआय ५४.७ होता, नंतर तो १५.८ झाला. केवढी मोठी सुधारणा! पण १५.८ हा आकडा वरच्या मोजपट्टीवर ठेवून पाहा, तो अजून मध्यम आजारातच मोडतो. आजार पुष्कळ घटला, तरी सरासरी रुग्णात तो संपला नव्हता. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ६० रुग्णांपैकी निम्म्यांना पोटाला पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. दोन वर्षांत वजन घटलं अनुक्रमे २७.८ आणि ५.१ किलो, म्हणजे पाचपटीहून अधिक फरक. एएचआय मात्र २५.५ आणि १४ ने कमी झाला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. घसा नुसत्या चरबीने मिटत नाही. जबड्याची ठेवण, टॉन्सिल, वय, झोपेत श्वासावर असलेलं मेंदूचं नियंत्रण, हे सगळं त्यात असतं आणि शस्त्रक्रिया यातल्या कशालाच हात लावत नाही.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनाही हेच लागू आहे. टिर्झेपेटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये, स्थूलपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. तिथेही यंत्र सोडायचं की नाही, हे मोजूनच ठरवावं लागतं.

वजन उतरताना यंत्राकडेही लक्ष हवं. जुना दाब आता जास्त होऊ शकतो. जादा हवा गिळली जाऊन लहान झालेलं पोट फुगतं आणि दुखतं. चेहरा उतरला की मास्क सैल होतो, कडेने हवा सुटून डोळ्यांवर येते. अशा वेळी लोक वैतागून यंत्र बंद करतात. खरं तर दाब कमी करून घेणं किंवा एक आकार लहान मास्क मिळवणं एवढंच काम असतं. आपोआप दाब बदलणारं यंत्र असेल, तर हे महिने बरेच सोपे जातात. साधारण १० टक्के वजन घटल्यावर दाब पुन्हा पाहून घ्यावा आणि वजन स्थिरावल्यावर, बहुधा वर्षभराच्या आत, स्लीप स्टडी पुन्हा करावी. चाचणीआधी काही रात्री यंत्र बंद ठेवायचं का, ते डॉक्टर सांगतात.

त्या चाचणीत एएचआय ५ च्या खाली आला आणि दिवसाही ताजंतवानं वाटत असेल, तर यंत्र सोडायला हरकत नाही, आणि असे भाग्यवान रुग्ण पुष्कळ असतात. तरीही १९९४ साली इस्रायलमधून प्रसिद्ध झालेला १४ रुग्णांचा एक छोटा अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुधारलेला त्यांचा अ‍ॅप्निया साडेसात वर्षांनी पुन्हा वाढलेला आढळला, आणि तोही वजन त्या प्रमाणात वाढलेलं नसताना. म्हणून वजन जागेवर असूनही सकाळी डोकं दुखू लागलं, रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, किंवा शेजारी झोपणारं माणूस पुन्हा ‘मध्येच श्वास थांबतो’ म्हणू लागलं, तर वजनकाट्यावर विसंबून न राहता स्लीप स्टडीची तारीख घ्यावी.