कसं केलं ते विचारा, काय ठरवलं ते नको

इंग्लंडमध्ये कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, मूल ताब्यात घेतलं, की आईबापांना कोणीतरी हमखास सांगतं, "ओम्बुड्समनकडे जा." ओम्बुड्समन म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. ते जातात आणि कित्येकदा उत्तर येतं की या तक्रारीचा तपास आम्हाला करता येत नाही. कार्यालय अंग काढून घेतंय असं वाटणं साहजिक आहे. पण हे कुंपण कार्यालयाने घातलेलं नाही, ते मुळात कायद्यातच आहे.

ओम्बुड्समन ही कल्पना स्वीडनची, १८०९ सालची. ब्रिटनने ती १९६७ मध्ये घेतली, तीही केंद्र सरकारच्या कारभारापुरती आणि खासदारामार्फत. तपास कशाचा, तर गैरकारभाराचा. या शब्दाची व्याख्या कायद्यात मुद्दामच दिली नाही. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी १९६६ मध्ये संसदेत पक्षपात, हेळसांड, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी अशी जंत्री वाचून दाखवली होती. तिच्यावरच काम चाललं.

१९७४ च्या कायद्याने ही सोय स्थानिक कौन्सिलांपर्यंत आली, आणि अटीही आल्या. गैरकारभार न होता घेतलेल्या निर्णयाच्या गुणदोषांत शिरायचं नाही. कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येत असेल, तर सहसा तिकडेच जायचं. कोर्टातल्या कामकाजाला हात लावायचा नाही. आणि गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची. सुरुवातीला तर तक्रार नगरसेवकामार्फत द्यावी लागे. थेट दार १९८८ मध्ये उघडलं.

या अटींची पहिली मोठी परीक्षा झाली तीही मुलांवरूनच. ब्रॅडफर्डमधल्या एका आईची मुलं कौन्सिलने ताब्यात घेतली होती. तिने तक्रार केली आणि तपास पुढे सरकण्याआधीच कौन्सिल कोर्टात गेली. गैरकारभार नेमका कोणता ते बाईने सांगितलेलंच नाही, असा कौन्सिलचा एक मुद्दा होता. (घरातून मुलं गेलेल्या बाईने कायद्याची परिभाषा वापरून अर्ज लिहावा, ही अपेक्षाच अजब.) १९७९ च्या कायदा-अहवालांत छापलेल्या निकालात अपील कोर्टाचे लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांनी तपासाला मोकळीक दिली. गैरकारभाराचं कलम शोधून देणं तक्रारदाराचं काम नाही, असं ठरलं. पण त्याच निकालाने दुसरी बाजूही पक्की केली. निर्णय चुकला असं ओम्बुड्समनला मनातून वाटलं, तरी प्रक्रियेत खोट सापडली नाही तर त्याने गप्प बसायचं.

पुढे १९८९ च्या बालक कायद्याने मुलांच्या सेवांसाठी वेगळी तक्रार-पद्धत आणली, आणि २००६ च्या नियमांनी तिचे तीन टप्पे पक्के केले: आधी कौन्सिलचं उत्तर, मग बाहेरच्या स्वतंत्र व्यक्तीच्या नजरेखाली तपास, शेवटी फेरविचार समिती. नुसत्या दुसऱ्या टप्प्याला ६५ कामाचे दिवस लागू शकतात. हे टप्पे उरकल्याशिवाय ओम्बुड्समन सहसा हात घालत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते दोन उदाहरणांत दिसतं; दोन्ही नमुन्यादाखल. समजा सोशल वर्करने आजीला फोन केला, "नातवाला आज रात्री तुमच्याकडे ठेवाल का?" ती रात्र वर्षभर लांबली. आजीने मूल सांभाळण्याचा भत्ता मागितला तर कौन्सिल म्हणते, हा तर तुमचा घरगुती मामला होता. हे प्रकरण ओम्बुड्समन तपासू शकतो. कोणी फोन केला, काय सांगितलं, नोंद कुठे आहे, हे तो विचारतो आणि थकलेला भत्ता द्यायची शिफारस करतो.

आता दुसरं. कोर्टात दिलेल्या अहवालात एक ओळ आहे: 'आईने तीन भेटी चुकवल्या.' आई म्हणते, त्यातल्या दोन तुमच्याच ऑफिसने रद्द केल्या होत्या. ती खरी असेलही. पण अहवाल न्यायाधीशापुढे गेला, म्हणजे ती ओळ कोर्टाच्या कामकाजाचा भाग झाली. ती तिथेच खोडून काढायला हवी होती, असं ओम्बुड्समन सांगणार. माझ्या मते आईबापांचा खरा संताप या एका ओळीवर असतो, भत्त्यावर नाही. न्यायाधीशाच्या डोक्यावर दुसरा न्यायाधीश नको, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण त्याची किंमत नेमकी कोण मोजतं, तेही दिसतं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्यातही कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येत असेल तर तपास सहसा नाही, अशी अट घातली होती.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या कार्यालयाच्या नावात 'सोशल केअर' हे शब्द आले. कुंपण मात्र तिथेच राहिलं. मुलांच्या ताब्याचा खटला २६ आठवड्यांत संपावा असं २०१४ चा कायदा म्हणतो. तो चालू असताना तक्रार नको म्हणून घरचे थांबतात, आणि १२ महिन्यांचं घड्याळ तेवढ्यात निम्मं उलटलेलं असतं.